दमेकऱ्याचा ताप : शेतकरी कुटुंबांनी घ्यावयाची दक्षता

आषाढातील एका सकाळी सोलापूर जिल्ह्यातील एका गावी कामानिमित्त गेलो असता, ओसरीवर एक वयस्क शेतकरी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसलेले दिसले. त्यांचा श्वास अंगणातून ऐकू येत होता. घरच्यांकडे चौकशी केली, तेव्हा उत्तर मिळाले, "काही नाही, त्यांचा नेहमीचा दमा आहे. पावसाळ्यात उठतोच." परंतु हात लावून पाहिला तो अंग चांगलेच तापलेले. श्वास घेताना उजव्या कुशीत कळ येते, असे ते स्वतःच तुटक शब्दांत सांगू लागले. ताप येऊन चौथा दिवस होता. तेवढ्या अवधीत गावातीलच एका इसमाने दोन इंजेक्शने टोचली होती. श्वास मोकळा करणारा औषधाचा पंप मात्र महिन्यापूर्वी संपला होता व तो पुन्हा आणलेला नव्हता. तालुक्याच्या गावी नेल्यावर छातीचा क्ष-किरण फोटो काढण्यात आला, तेव्हा उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग न्यूमोनियाने भरून गेलेला आढळला. अकरा दिवसांनी ते घरी परतले. तोवर पेरणीची वाफ निघून गेली होती, आणि औषधपाण्याच्या खर्चापायी जोडीतील एक बैल विकावा लागला होता.

या घरातील माणसे निष्काळजी होती, असे मुळीच म्हणता येणार नाही. उलट वीस वर्षे त्यांनी वडिलांचा दमा काढला होता, त्याचे सारे चढउतार त्यांना ठाऊक होते. त्या परिचयामुळेच चूक झाली. ज्या घरात दमा मुरलेला असतो तेथे प्रत्येक धाप दम्याचीच, असे गृहीत धरले जाते. आणि त्या धापेच्या आड फुप्फुसाचा दुसरा आजार आला, तर तो चार-चार दिवस कोणाच्या ध्यानात येत नाही. याच्या अगदी उलट चूकही गावोगाव पाहावयास मिळते. दमा उसळला की "छातीत जंतू झाले" असे ठरवून जंतुनाशक गोळ्या व इंजेक्शने यांचा मारा होतो, आणि ज्या औषधाने श्वास मोकळा व्हावयाचा ते राहूनच जाते. या दोन्ही चुका टाळावयाच्या, तर दमा आणि फुप्फुसाचा संसर्ग यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे थोडे समजून घेतले पाहिजे.

संसर्ग आणि दमा यांचे नाते

आपल्या छातीतील श्वासनलिका ही झाडाच्या फांद्यांप्रमाणे लहान लहान होत जाते. दमेकऱ्याच्या या नळ्यांचे अस्तर कायम थोडेसे सुजलेले असते. धूळ, धूर, गार हवा वा बुरशी यांपैकी काही लागले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात, अस्तराची सूज वाढते आणि चिकट बडखा सुटतो. पाटाच्या पाण्यात गाळ साचून चारी अरुंद व्हावी, तसा हा प्रकार होतो. हवा आत जाते, परंतु बाहेर पडताना अडते, म्हणून श्वास सोडताना सूं सूं असा आवाज येतो.

आता यात संसर्ग कोठे येतो? पहिली गोष्ट अशी की, दमा उसळण्याचे सर्वांत मोठे कारण साधे पडसे हे होय. 1995 साली इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन येथे 9 ते 11 वर्षे वयाच्या मुलांची पाहणी झाली. मुलांचा श्वास मंदावलेल्या दर पाच वेळांपैकी सुमारे चार वेळा पडशाचे विषाणू सापडले. हे विषाणू निरोगी माणसास चार दिवस शिंका देऊन निघून जातात. दमेकऱ्याच्या सुजलेल्या अस्तरावर ते बसले, म्हणजे तेच पडसे छातीत उतरते. विषाणूंवर जंतुनाशक गोळ्यांचा काडीचाही उपयोग होत नाही, कारण त्या गोळ्या जिवाणू या निराळ्या जातीच्या जंतूंसाठी बनविलेल्या असतात. बेडका पिवळा झाला म्हणजे जिवाणूच झाले, हीदेखील समजूत बरोबर नाही. दमेकऱ्याचा बेडका केवळ सुजेतील पेशींमुळेही पिवळसर दिसतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. बडखा साचून एखादी लहान नळी बुजली, की तिच्या पलीकडील फुप्फुसाच्या भागात हवा खेळत नाही, बेडका बाहेर पडत नाही; आणि साचलेल्या पाण्यात डास व्हावेत तसे तेथे जिवाणूंचे फावते. न्यूमोनियास कारण होणाऱ्या जंतूंत न्यूमोकोकस नावाचा जिवाणू प्रमुख आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात झालेल्या व 2005 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळून आले की, या जिवाणूचा गंभीर संसर्ग होण्याचा धोका दमेकऱ्यांस इतरांच्या दुपटीहून अधिक असतो. वर सांगितलेल्या शेतकऱ्याच्या घरीही प्रथम नातवास पडसे झाले होते, मग आजोबांचा दमा उठला, आणि तिसऱ्या पायरीवर न्यूमोनिया झाला. ही पायरी चढू न देणे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते.

धाप कोणती, हे कसे ओळखावे

निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने रुग्णास कधी हलवावे एवढे अचूक ओळखले, तरी त्याचे काम झाले. निव्वळ दम्याच्या उठावात ताप बहुधा नसतो, आणि पंपाचे औषध घेतल्यावर काही मिनिटांत श्वास सैल होतो. थंडी वाजून भरणारा ताप, श्वास घेताना एकाच कुशीत उठणारी कळ, तांबूस वा गंजलेल्या रंगाचा बेडका, भ्रम, आणि औषध घेऊनही न हटणारी धाप ही लक्षणे दिसली, तर "नेहमीचा दमा" हे शब्द बाजूस ठेवावेत. म्हाताऱ्या माणसास न्यूमोनियातही ताप फारसा चढत नाही, हे येथे विसरून चालणार नाही. त्यांच्या बाबतीत अन्नावरची वासना उडणे व ग्लानी येणे यालाच महत्त्व द्यावे.

श्वास मोजण्यास घड्याळाखेरीज काही लागत नाही. रुग्ण स्वस्थ बसला असता छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटास 30 किंवा अधिक वेळा चालू असेल, तर प्रकृती गंभीर समजावी. 1 ते 5 वर्षांच्या मुलात 40, आणि 2 महिने ते 1 वर्षाच्या बालकात 50 हा आकडा धोक्याचा होय. 2020 नंतर बोटास लावावयाचे ऑक्सिमीटर यंत्र अनेक आशा कार्यकर्तींकडे आले आहे. त्याचा आकडा 94 च्या खाली उतरला तर डॉक्टरांस दाखवावे, व 90 किंवा त्याखाली असल्यास मुळीच वेळ दवडू नये. आकडा चांगला दिसतो म्हणून मात्र निर्धास्त राहू नये. दम्यात तो बराच उशिरा घसरतो. माणसास एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ निळसर पडले आहेत, मानेचे स्नायू ताणले जात आहेत, यांपैकी काहीही दिसल्यास 108 क्रमांकास फोन करावा. आणखी एक खूण आहे, जी हमखास फसविते. धाप वाढत असताना छातीतील सूं सूं आवाज एकाएकी थांबला, तर घरच्यांना बरे वाटते. वस्तुतः त्या वेळी नळ्यांतून आवाज होण्याइतकीही हवा जात नसते.

गाडी येईपर्यंत रुग्णास निजवू नये, बसते ठेवावे. श्वास मोकळा करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे फवारे एकामागून एक, प्रत्येक फवाऱ्यानंतर श्वास घेऊ देऊन, चारपासून दहापर्यंत द्यावेत. पहिल्या तासात दर 20 मिनिटांनी हे पुन्हा करता येते. फवारा थेट तोंडात मारल्यास बरेचसे औषध जिभेवर व घशातच राहते. म्हणून मध्ये पोकळ नळा लावतात, त्यास स्पेसर म्हणतात. तो जवळ नसेल तर 500 मिलिलिटरची प्लॅस्टिकची स्वच्छ, कोरडी बाटली घ्यावी. तिच्या बुडाशी पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढे भोक पाडावे, फट बुजवावी, आणि बाटलीचे तोंड रुग्णाच्या ओठांत द्यावे. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे मुलांवर याचा पडताळा घेण्यात आला व 1999 साली तो प्रसिद्ध झाला. अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. आपल्याकडे प्रत्येक लग्नकार्यानंतर अशा बाटल्यांचा ढीग पडतो. त्यांतील एक धुऊन ठेवण्यास हरकत नसावी.

पंपाविषयी थोडेसे

पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, असा समज खेड्यांतच नव्हे तर शहरांतही पक्का आहे. गोळीतील औषध पोटातून रक्तात जाऊन सर्वांगात फिरते व मग छातीत पोहोचते. पंपाचे औषध अत्यल्प मात्रेत थेट जागेवर पडते. यात सवय लागण्यासारखे काही नाही. पंप दोन कामांचे असतात, हे मात्र नीट जाणून घ्यावे. एकाने आवळलेल्या नळ्या तात्पुरत्या सैल होतात. दुसऱ्यात सूज उतरविणारे औषध असते, ते रोज घ्यावयाचे असते. केवळ पहिल्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे, असे दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत 2019 पासून स्पष्टच सांगितले आहे. पडसे वा ताप आला म्हणून सुजेचा पंप बंद करू नये. त्याच दिवसांत त्याची गरज अधिक असते. तो घेतल्यावर चूळ भरून टाकावी, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी येत नाही.

मृगाच्या दिवशी हैदराबादेस जाऊन माशातून दिले जाणारे औषध घेण्याची प्रथा आपल्या भागातही जुनी आहे. कोणाच्या श्रद्धेस येथे हात घालावयाचा नाही. जाणाऱ्याने आपला पंप खिशात ठेवावा आणि रांगेत कोणी खोकत असेल तर तोंडावर मुखपट्टी लावावी, इतकीच विनंती आहे.

श्रद्धेच्या औषधापेक्षा आठवडी बाजारातील निनावी पुड्यांची भीती अधिक वाटते. पहिल्याच दिवशी धाप थांबविणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ असल्याचे तपासणीत अनेकदा उघडकीस आले आहे. डॉक्टर तीव्र दम्यात स्टिरॉइडच्या गोळ्या पाच-सात दिवस देतात, त्या जीव वाचवितात, व त्या टाळू नयेत. परंतु तेच औषध मात्रा न कळता महिनोन्‌महिने पोटात जात राहिले, तर चेहरा सुजतो, रक्तातील साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, आणि शरीराची जंतूंशी झुंजण्याची शक्ती खचते. फुप्फुसात दबून असलेला क्षय अशा वेळी डोके वर काढतो. ज्यांनी अशा पुड्या दीर्घकाळ घेतल्या असतील, त्यांनी त्या एकाएकी थांबविणेही घातक आहे. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे व सारे उघड सांगावे. दमेकऱ्याचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला, वजन घटले वा बेडक्यात रक्त दिसले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती विनामूल्य होते.

बुरशी : शेतकऱ्याचा खास शत्रू

शहरातील दमेकऱ्यापेक्षा शेतकरी दमेकऱ्यास एक संकट अधिक आहे. ते कडब्याच्या गंजीत, खताच्या खड्ड्यात आणि कांद्याच्या चाळीत राहते.

रब्बी ज्वारीचा कडबा पेंढ्या बांधून रचण्याच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला, तर ओलावा आतल्या थरात कोंडला जातो. गंज आतून तापते. तिच्यात हात घातला तर ऊब लागते व आंबूस वास येतो, हे प्रत्येकाने अनुभवले असेल. उकिरड्यात व कंपोस्टच्या खड्ड्यातही हीच उष्णता असते. ॲस्परजिलस जातीची एक बुरशी अशी आहे की, जी 50 अंश सेल्सिअसच्या पुढेही वाढते, जेथे इतर बुरशा टिकत नाहीत. पेंढी सोडताना जी करडी-हिरवट भुकटी उडते, तीत या बुरशीची बीजे असतात. एकेक बीज मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट, एवढेच असते. उपरण्याच्या विणीतून ते सहज आरपार जाते व फुप्फुसाच्या पार टोकापर्यंत पोहोचते.

निरोगी शरीर ही बीजे नष्ट करते. काही दमेकऱ्यांच्या चिकट बडख्यात मात्र ती रुजतात, आणि शरीर त्यांच्याविरुद्ध इतका त्वेषाने प्रतिकार करते की त्यात श्वासनलिकाच झिजून कायमच्या रुंद व सैल होतात. या विकाराचे वर्णन प्रथम 1952 साली इंग्लंडमध्ये झाले. दमा औषधास दाद देईनासा होतो, अधूनमधून ताप येतो, आणि खोकल्यातून तपकिरी रंगाच्या घट्ट गुठळ्या पडतात. क्ष-किरण फोटोत डाग दिसतात, ते क्षयाच्या डागांसारखेच. त्यामुळे आपल्या देशात अनेक रुग्णांना, थुंकीत क्षयाचे जंतू न सापडताही, क्षयाची औषधे दिली गेली आहेत, कित्येकांना दोन-दोन वेळा. ही औषधे संपतात, रुग्ण थकतो, रोग आहे तेथेच राहतो. चंडीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत या विकारावर पुष्कळ संशोधन झाले आहे. रक्ताच्या तपासणीने त्याचा छडा लागतो व त्यावर उपचार आहेत. वेळीच ओळखला तर नळ्या वाचतात. म्हणून क्षयाचा उपचार पूर्ण होऊनही ज्या दमेकऱ्याची धाप व खोकला हटत नाही, त्याच्याविषयी आरोग्य सेविकेने जिल्हा रुग्णालयातील छातीच्या डॉक्टरांस आवर्जून विचारावे, आणि जुने सर्व फोटो बरोबर द्यावेत.

दुसरा एक आजार याच बुरसटलेल्या चाऱ्यातून होतो. गंज उपसल्यावर चार ते आठ तासांनी, म्हणजे बहुधा रात्री, थंडी-ताप, अंगदुखी व धाप सुरू होते आणि दोन दिवसांत ओसरते. पुन्हा गंज उपसली की पुन्हा तेच. हा ताप जंतूंचा नव्हे. त्यावर जंतुनाशके देणे व्यर्थ. ज्यांना दमा नाही त्यांनाही तो होतो, व वर्षानुवर्षे होत राहिल्यास फुप्फुस आकसते. साखर कारखान्याजवळ साठून बुरसटलेल्या बगॅसच्या धुळीनेही असाच विकार होतो. तापाआधी त्या दिवशी काय काम केले होते, हा प्रश्न विचारल्याखेरीज त्याचा पत्ता लागत नाही. आणि तो प्रश्न दवाखान्यात क्वचितच विचारला जातो. कार्यकर्त्याने तो घरीच विचारून चिठ्ठीवर लिहून दिल्यास डॉक्टरांस मोठे साहाय्य होईल.

उपाय शेतीच्या चांगल्या रीतीहून वेगळे नाहीत. कडबा पूर्ण वाळल्याखेरीज रचू नये. गंज जमिनीवर न लावता दगड वा लाकडांच्या थरावर लावावी, म्हणजे खालून ओल चढत नाही व हवा खेळते. अवकाळी पावसात भिजलेल्या पेंढ्या वेगळ्या काढून, पसरून वाळवाव्यात. त्या मूळ गंजीत दडपू नयेत. धान्य साठविण्यापूर्वी त्यातील ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणावा. कांद्याच्या पापुद्र्यांवरील काळी भुकटी हीदेखील ॲस्परजिलसचीच एक जात आहे. चाळीतील सडका माल वेळच्या वेळी काढावा. खताचा खड्डा उलथण्यापूर्वी वर पाणी शिंपडावे, आणि उलथणाऱ्याने वाऱ्याच्या बाजूस पाठ करून उभे राहावे. मळणी यंत्रावर व कुट्टीच्या यंत्रावर दमेकऱ्यास उभे करू नये. नाइलाजच असेल तर साध्या फडक्याऐवजी एन-95 मुखपट्टी नाकावर घट्ट बसवावी. बुरसटलेली गंज उघडणे हे काम मात्र मुखपट्टी लावूनही त्याने करू नये.

लस आणि घरातील धूर

2009 साली पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली, ती पुष्कळांस स्मरत असेल. त्या साथीत निरनिराळ्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये दमेकऱ्यांचे प्रमाण लक्षणीय होते. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात वाढतो. म्हणून दमेकऱ्याने फ्लूची लस दर वर्षी पावसाळ्यापूर्वी घेणे इष्ट आहे. विषाणू रूप पालटतो, त्यामुळे गतवर्षीची लस यंदा पुरत नाही. न्यूमोकोकसविरुद्धची लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने व 2021 पासून देशभर बालकांच्या सरकारी लसीकरणात दिली जाते. लहानग्याचा तो डोस चुकवू नये. प्रौढ दमेकऱ्याने ती घ्यावी किंवा कसे, हे डॉक्टरांस विचारावे. घरात पडसे झालेल्याने दमेकऱ्याच्या शेजारी झोपू नये. चुलीचा धूर, विडीचा धूर व पाचट जाळल्याचा धूर या तिन्हींनी श्वासनलिकेचे अस्तर दुबळे होते. गॅस आला तरी पाणी तापविण्याची चूल परसात राहतेच. ती निदान दमेकऱ्याच्या खिडकीखाली असू नये.

सोलापूरकडील त्या घरी पुढील वर्षी पुन्हा जाणे झाले. नवा बैल अद्याप आलेला नव्हता, पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने उरकली होती. ओसरीच्या कोनाड्यात दोन पंप आणि बुडाशी भोक पाडलेली एक बाटली ठेवलेली होती. कडब्याची गंज या खेपेस दगडांवर रचली होती व ती अंगणातून हलवून गोठ्यापलीकडे नेली होती. तिचा वरचा थर काढावयाचा असेल त्या दिवशी मुलगा पहाटेच ते काम उरकतो आणि वडील मळ्यात जाऊन बसतात.